क्वांटम संगणक आणि आपली कुलुपे

द्वितीय वर्ष कला

विज्ञान हा विज्ञान शाखेचा विषय, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहज बोलून जातो. मीही तसेच म्हणत असे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने मला हे मत बदलावे लागले. या लेखाचे मूळ त्या प्रसंगात आहे, म्हणून आधी तो सांगते.

पीककर्जाच्या कामासाठी सातबाऱ्याचा उतारा हवा होता. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे कागदपत्रांची कामे माझ्याकडे येतात. मी सेवा केंद्रातून उतारा काढून आणला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "पोरी, यावर सही कुणाची? शिक्का कुठाय?"

मी म्हणाले, "आजोबा, हा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आहे. शाईची सही लागत नाही. सही आतच असते."

"तुला दिसते ती?"

"नाही."

"मग आहे म्हणून कशावरून सांगतेस?"

याचे उत्तर मला देता आले नाही. आजोबांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे मला पुढे समजले. आमचे गाव खारेपाटातले, चरीपासून फार लांब नाही. खोतीच्या काळात आजोबांच्या वडिलांनी कबुलायतीच्या कागदांवर अंगठे उठवले होते. कागदात काय लिहिले आहे हे वाचणारा खोताचा कारकून, आणि अंगठा मात्र आपला. अशा कागदांनी किती धान्य खळ्यावरूनच खोताच्या घरी गेले याच्या गोष्टी आजोबांनी लहानपणी ऐकलेल्या आहेत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसता जो संप चालवला, त्याच्या मुळाशी जशी भूक होती तसेच हे कागदही होते. ज्या घराने न वाचता येणाऱ्या खुणेची किंमत मोजली आहे, त्या घरातला माणूस न दिसणाऱ्या सहीवर एकदम विश्वास ठेवील कसा?

म्हणून ही सही असते तरी कशी, आणि ती किती पक्की, याचा शोध घेण्याचे मी ठरवले. शोधता शोधता 'क्वांटम संगणक' हा शब्द वारंवार समोर येऊ लागला. हा नवा संगणक आजची सारी कुलुपे उघडील, असे कुठे भय घातलेले, तर कुठे सारे थोतांड म्हणून उडवून लावलेले. गणित मी दहावीनंतर सोडलेले. आमच्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या एका प्राध्यापकांनी दोन दुपारी बसून मला ते समजावले. लेखात जे बरोबर आहे ते त्यांचे, आणि काही चुकले असल्यास ते माझे, असे वाचकांनी समजावे.

गुप्त लिपी आणि तिचा उलगडा

संदेश गुप्त ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. मराठीच्या तासाला आपण 'लीळाचरित्र' अभ्यासतो. ज्या महानुभाव पंथाने हा ग्रंथ दिला, त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ परक्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांपैकी 'सकळ लिपी' ही विशेष प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातील रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. पुढे सुंदरी लिपी, अंक लिपी, वज्र लिपी अशा आणखी लिप्या निघाल्या. सकळ लिपीचे तत्त्व असे की एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहायचे. ज्याच्याजवळ अदलाबदलीचा तक्ता असेल तो सरळ वाचील आणि इतरांना ती अक्षरांची खिचडी वाटेल.

या कुलपाने कित्येक शतके काम केले. या पोथ्यांतील मराठी वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञातच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमाने या लिपीचा उलगडा झाला आणि मराठीच्या आद्यकालाचे एक दालन उघडले. राजवाड्यांचा जन्म १८६३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या वरसई गावचा, हेही येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

या हकिगतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की अक्षरांची अदलाबदल कितीही चतुराईने केली तरी भाषेचे वळण लपत नाही. मराठीत काही अक्षरे फार वेळा येतात, काही क्वचित. 'आहे', 'आणि' यांसारखे शब्द पुन्हापुन्हा येतात. चिकाटीच्या माणसाला यावरून माग काढता येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पोथी ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी ती वाचू शकणारा कोणी परका नव्हता, म्हणून ती कायमची सुरक्षित झाली असे नव्हे. पोथी टिकून राहिली आणि वाचणारा साडेपाचशे वर्षांनी आला. महानुभाव पोथ्यांच्या बाबतीत हे मराठीचे भाग्यच ठरले. पण प्रत्येक गुपिताच्या बाबतीत ते भाग्य ठरेलच असे नाही. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आजचे कुलूप : एक अवघड हिशेब

जुन्या सांकेतिक लिपीत मोठी अडचण अशी की तक्ता दोघांजवळ आधीच असावा लागतो. मांडव्याच्या धक्क्यावर मासळी विकणारी बाई आणि मुंबईहून आलेले गिऱ्हाईक यांची पूर्वी कधी भेट झालेली नसते. तरी गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे पाठवते आणि ते वाटेत कोणी पळवीत नाही. ज्या यंत्रणांची एकमेकींशी कधी गाठ पडली नाही त्यांच्यात गुप्त बोलणे होते कसे?

याचे उत्तर १९७० नंतरच्या दशकात सापडले. कल्पना करा की मी हजार कुलुपे उघडीच ठेवून गावभर वाटली आणि किल्ली मात्र माझ्याजवळ ठेवली. ज्याला मला काही गुप्त पाठवायचे असेल त्याने पेटीत घालून ते कुलूप दाबून बंद करावे. बंद कोणालाही करता येईल, उघडणे मात्र मलाच शक्य. असे कुलूप गणितात तयार करण्याची एक पद्धत रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली मांडली. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती 'आरएसए' या नावाने ओळखली जाते.

तिचा पाया शाळेतल्या गुणाकाराइतका साधा आहे. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार करा. कागदावर अर्ध्या मिनिटात ८६३३ हे उत्तर येईल. आता उलट करा. कोणाला नुसता ८६३३ हा आकडा देऊन विचारा की हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? त्याला ३ ने भाग, ७ ने भाग, ११ ने भाग असे करीत बसावे लागेल. गुणाकार सोपा, अवयव पाडणे कठीण, हीच या कुलपाची कळ. प्रत्यक्षात वापरण्यात येणारी संख्या चार अंकी नसून सुमारे ६१७ अंकी असते. ती संख्या म्हणजे जगजाहीर कुलूप आणि तिचे दोन अवयव म्हणजे मालकाजवळची किल्ली.

हेच यंत्र उलट चालवले की सही तयार होते. मालक आपल्या गुप्त किल्लीने कागदाच्या मजकुरावर एक गणिती खूण करतो. ती खूण खरी की खोटी हे जगजाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते, पण किल्लीवाचून तशी खूण उठवता येत नाही. मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी खूण जुळत नाही. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली आणि महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. सही दिसत नाही, पण तपासता येते. पूर्वीचा अंगठा खोताच्या कारकुनाने वाचून दाखवावा लागे. ही सही तपासायला कोणाच्या कृपेची गरज नाही.

पण हे सारे एका गृहीतावर उभे आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे कठीण आहे, आणि कठीणच राहील, हे ते गृहीत होय. ते कठीणच आहे असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. इतकेच म्हणता येते की पुष्कळांनी प्रयत्न केले आणि त्यांना सोपी वाट सापडली नाही.

अंदाज किती फसतात याचे उदाहरण बोलके आहे. १९७७ साली एका अमेरिकन विज्ञान मासिकात १२९ अंकी संख्या छापून तिचे अवयव शोधणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्यास चार कोटी अब्ज वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज. प्रत्यक्षात सतरा वर्षांनी, १९९४ साली, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावून ते अवयव काढले. २०२० पर्यंत २५० अंकी संख्येचाही निकाल लागला. हे सारे साध्या संगणकांचेच काम. ६१७ अंक मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत.

तिथीची पाऊणपट आणि शोरची युक्ती

त्याच १९९४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले की क्वांटम तत्त्वावर चालणारा संगणक जर कोणी बांधला, तर त्याला मोठ्या संख्येचे अवयव झटपट काढता येतील. ही युक्ती समजायला मला आमच्या खारेपाटाचा उपयोग झाला.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळाचा तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की झाले. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. हा हिशेब चालतो, कारण समुद्राला आवर्तन आहे. पंधरवड्यानंतर तीच वेळ पुन्हा येते. ज्याला आवर्तन सापडले त्याला समुद्राचे गुपित सापडले.

संख्यांनाही अशी भरती-ओहोटी असते. १५ ही संख्या घेऊ. २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट करीत जा आणि प्रत्येक वेळी १५ ने भागून बाकी लिहा. बाकी येते २, ४, ८, १, पुन्हा २, ४, ८, १. म्हणजे दर चार पावलांनी तोच क्रम परत येतो. आवर्तन चाराचे. आता चाराचे निम्मे दोन, आणि दोनाचा वर्ग चार. या चारातून एक वजा केला तर ३, त्यात एक मिळवला तर ५. आणि ३ व ५ हेच १५ चे अवयव! मोठ्या संख्येत शेवटी मसावि काढावा लागतो आणि कधी सुरुवात वेगळ्या संख्येने करावी लागते, पण मार्ग हाच. आवर्तन सापडले की अवयव सापडले.

मग साधा संगणक हे का करीत नाही? कारण ६१७ अंकी संख्येचे आवर्तन इतके लांब असते की एकेक पाऊल मोजत गेल्यास विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. क्वांटम संगणकाचे बळ नेमके या ठिकाणी आहे.

लाटा आणि शांतता

साध्या संगणकात माहितीचा लहानात लहान कण म्हणजे 'बिट'. तो शून्य किंवा एक, विजेच्या दिव्यासारखा चालू किंवा बंद. क्वांटम संगणकातला कण म्हणजे 'क्युबिट'. अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम आपल्या नित्याच्या जगाहून निराळे आहेत. तेथे क्युबिट शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि अनेक क्युबिट एकमेकांशी असे गुंतू शकतात की त्यांचा विचार सुटासुटा करता येत नाही.

हा संगणक एकाच वेळी सर्व उत्तरे तपासून पाहतो, असे सर्रास लिहिलेले आढळते. ते पुरते खरे नाही, असे आमच्या सरांनी बजावले. कारण शेवटी मोजायला गेले की एकच उत्तर हाती येते, आणि नुसत्या मिश्रणातून काढलेले उत्तर म्हणजे सोडतीतली चिठ्ठी. खरी करामत लाटांची आहे. किनाऱ्यावर दोन लाटा भेटतात तेव्हा शिखरावर शिखर आले तर पाणी उंच उसळते, शिखर आणि खळगा भेटले तर पाणी सपाट होते. क्युबिटांच्या अवस्थाही लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात. शोर यांची पद्धत अशी की चुकीच्या आवर्तनांच्या लाटा परस्परांना मारून टाकतात आणि खऱ्या आवर्तनाची लाट उंच उरते. मोजणाऱ्याच्या हाती मग बहुधा तीच लागते.

एवढी गुणकारी गोष्ट अजून घरोघर का नाही? कारण क्युबिट कमालीचा नाजूक असतो. थोडी उष्णता, थोडा चुंबकीय धक्का लागला तरी त्याची अवस्था विस्कटते. सूक्ष्म मोजमापाला शांतता लागते, हे आपल्या अलिबागला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४ साली अलिबागच्या नव्या वेधशाळेत आणण्यात आले. बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले. नाजूक काट्यासाठी शास्त्रज्ञ खाडी ओलांडून आले! क्युबिटाची गरज याहून किती तरी कडक आहे. अतिसंवाहक धातूंचे क्युबिट उणे २७३ अंशांच्या जवळ, म्हणजे निसर्गातील थंडीच्या तळाशी, ठेवावे लागतात.

आज आपण कोठे आहोत?

२००१ साली आयबीएम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सात क्युबिटांवर शोर यांची पद्धत चालवून १५ चे अवयव ३ आणि ५ असे काढून दाखवले. चौथीतल्या मुलाला येणारे उत्तर म्हणून यावर हसू येईल. पण पहिले विमानही काही क्षणच उडाले होते. २०२४ च्या डिसेंबरात गूगलने १०५ क्युबिटांची 'विलो' ही चकती जाहीर केली. तिच्यात क्युबिटांची संख्या वाढवली असता चुका वाढण्याऐवजी घटल्या, हे तिचे महत्त्व.

आपला देशही मागे बसलेला नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी टाटा कन्सल्टन्सीच्या सहकार्याने सहा क्युबिटांच्या क्वांटम प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. ही टाटा संस्था मुंबईच्या कुलाब्याला, अगदी समुद्रालगत आहे. मांडव्याहून लाँचने निघाले की ज्या बाजूच्या इमारती आपण पाहतो, तेथेच हे काम चालले आहे. ज्या कुलाब्याहून चुंबकाचा काटा आपल्याकडे आला, त्याच कुलाब्यात आता त्याहून नाजूक वस्तू जपली जात आहे.

मग ६१७ अंकी कुलूप उघडायला किती क्युबिट लागतील? २०१९ साली एका अभ्यासात दोन कोटी क्युबिट आणि आठ तास असा हिशेब मांडला होता. त्याच अभ्यासकांपैकी क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये नवा हिशेब दिला : दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. असे यंत्र अद्याप कोणी बांधलेले नाही. पण लक्षात घ्या, सहा वर्षांत यंत्र वाढण्याआधीच गरज वीस पटींनी खाली आली. दोन्ही बाजूंनी अंतर कमी होत आहे.

धोका कोणाला आणि कशाचा?

'यंत्रच नाही तर भीती कसली?' असे कोणी विचारील. येथे महानुभावांच्या पोथ्या आठवाव्यात. आज तारांमधून जाणारा कुलूपबंद मजकूर कोणी नुसता साठवून ठेवला, तर त्याला आज वाचण्याची गरज नाही. यंत्र तयार होईपर्यंत तो थांबेल. म्हणून कोणते गुपित किती वर्षे टिकायला हवे, हा खरा प्रश्न आहे. आज मासळीचे दोनशे रुपये कोणी कोणाला दिले हे वीस वर्षांनी कळले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण एखाद्याच्या आजाराची नोंद, बोटांचे ठसे, देशाच्या संरक्षणाची पत्रे ही वीस वर्षांनीही गुपितच राहायला हवीत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

दुसरा धोका सहीचा. गुप्त किल्ली हाती आली तर हुबेहूब खरी ठरणारी सही कोणालाही उठवता येईल, आणि तीही मागच्या तारखेच्या कागदावर. आपल्या किनाऱ्यावर जमिनीला आज जो भाव आला आहे तो पाहता हा धोका दूरचा वाटत नाही. अर्थात एक खोटा उतारा बनवला म्हणून जमीन जात नाही. मूळ नोंद सरकारी दप्तरात असते आणि ती पडताळता येते. पण ते दप्तरही आता संगणकातच आहे, आणि तेथे कोणी काय बदलले याची साक्षही अशाच सह्या देतात. साक्षीदारच फितूर झाला तर न्याय कोणाकडे मागायचा?

असे झाल्यास झळ प्रथम कोणाला लागेल? ज्याच्याजवळ वकील आहे तो भांडेल. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला आपले काही गेले हेही उशिरा कळेल. चरीचा इतिहास आपल्याला हेच सांगतो.

उपाय : नवी कुलुपे, चव्हाट्यावर पारखलेली

सुदैवाने उपाय आहे आणि तो पुष्कळसा तयारही आहे. सर्वच कुलुपे मोडत नाहीत. ज्या पद्धतीत दोघांजवळ एकच किल्ली असते, तिला लव ग्रोव्हर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९९६ साली मांडलेल्या क्वांटम शोधपद्धतीचा थोडा उपद्रव होतो. पण किल्ली लांब केली की भागते. बदलायची आहेत ती जगजाहीर कुलुपे. त्यांच्यासाठी अवयवांऐवजी असे दुसरे हिशेब घेतले आहेत की ज्यांत शोर यांना सापडले तसे आवर्तन नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१६ साली जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केले, आलेल्या पद्धती सर्वांसमोर ठेवल्या आणि त्या मोडून दाखवा असे सांगितले. आठ वर्षांच्या पारखणीनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके प्रसिद्ध झाली.

या पारखणीतली एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. अनेक वर्षे अभेद्य समजली गेलेली 'साईक' नावाची पद्धत पुढच्या फेरीपर्यंत पोचली होती. २०२२ साली बेल्जियममधील दोन गणितज्ञांनी ती साध्या संगणकावर तासाभरात मोडली. क्वांटम संगणकाची गरजही पडली नाही! म्हणजे नवी कुलुपेही डोळे मिटून घेऊ नयेत. कुलपाची रचना लपवून ते मजबूत होत नाही. सर्वांनी ठोकून पाहावे आणि तरी ते टिकावे, तेव्हाच ते कामाचे.

आणखी एक मार्ग म्हणजे क्वांटमच्याच नियमांनी किल्ली पाठवणे. प्रकाशाच्या कणांवरून किल्ली पाठवली आणि वाटेत कोणी डोकावले तर कणांची अवस्था बिघडते, त्यामुळे चोरी उघडकीस येते. बेनेट आणि ब्रासार यांनी ही कल्पना डिसेंबर १९८४ मध्ये आपल्या बंगलोरला भरलेल्या एका परिषदेत मांडली होती. मात्र तिला खास यंत्रे लागतात आणि तिने सहीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून सामान्य माणसाच्या मोबाईलपर्यंत गणिती कुलुपेच आधी पोचतील, आणि तशी ती पोचूही लागली आहेत. काही संदेशसेवांनी २०२३ पासून ती वापरात आणली आहेत.

उधाणाआधी बांध

खारेपाटात राहणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. समुद्राचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेला असतो, आणि त्याची डागडुजी उधाणाआधी करायची असते. उधाण आल्यावर खांड बुजवायला धावणाऱ्याच्या हाती चिखलच लागतो. एकदा खारे पाणी शिरले की पुढे किती तरी वर्षे भात पिकत नाही. पूर्वी आमच्याकडे 'जोळ' होता. बांध कोणा एकाचा नसे. घरटी माणूस जाई, आणि कोणाच्या शेतासमोर भगदाड आहे हे कोणी विचारीत नसे, कारण पाणी आत आले की सर्वांच्याच शेतात पसरे.

क्वांटम संगणकाचे उधाण कोणत्या तिथीला येईल हे पाऊणपटीने काढता येत नाही. ते येणार असे धरून बांध भरणे एवढेच हाती आहे. सरकारी दप्तरे, बँका, रुग्णालये यांची कुलुपे बदलायला वर्षे लागतील. अमेरिकेने जुनी कुलुपे २०३५ पर्यंत पूर्ण हद्दपार करण्याचे योजले आहे. या कामात गणितज्ञ आणि अभियंते हवेतच. पण आपल्या गावाच्या नोंदी कोणत्या कुलपात आहेत, ते केव्हा बदलणार, हे ग्रामसभेत विचारणारा आणि मिळालेले उत्तर सोप्या मराठीत समजावून सांगणारा माणूसही हवा. मित्रहो, ते काम कला शाखेचे आहे. ज्यांच्या घरी आपणच पहिले वाचणारे आहोत, त्यांचे तर ते कर्तव्यच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांना ८९ आणि ९७ यांचा हिशेब करून दाखवला. त्यांना अक्षर येत नसले तरी हिशेब तोंडी येतो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सही हिशेबात आहे. आणि कोणी मोठा हिशेबी आला तर?"

"तर हिशेब बदलायचा, आजोबा. तो यायच्या आधी."

त्यांनी मान डोलावली, उतारा नीट घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातले.